पुळणीकडची वाट

समुद्र कुणाचा, असं विचारलं तर आमच्या गावातलं शाळकरी पोरही सांगेल, सगळ्यांचा. पण समुद्राकडे जाणारी वाट कुणाची, असं विचारा. मोठी माणसंसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. किनारा कुणी विकत घेत नाही, त्याची गरजच पडत नाही. किनाऱ्याला लागून असलेली वाडी घ्यायची आणि बाजूची वाट बंद करायची, पुढची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आपोआप आपली होते.

मांडवा, सासवणे, आवास, किहीम, थळ, वरसोली अशी अलिबाग तालुक्यातली गावं समुद्राच्या कडेनं एकामागून एक लागलेली आहेत. मी त्यातल्याच एका गावात वाढले. रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या लांबट वाड्या, मग सुरूचं बन आणि मग पुळण, अशी या गावांची ठेवण. कोळीवाडा बहुतेक एका टोकाला. वाड्या रस्त्यापासून थेट समुद्रापर्यंत पोचत असल्यामुळे दोन वाड्यांच्या मधून वाटा असायच्याच. आमच्या भागातली वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद होती. दोन्ही बाजूंना निरगुडीची वई म्हणजे कुंपण, खाली वाळू मिसळलेली माती, पावसाळ्यात घोटाभर पाणी. या वाटेनं मासळीच्या पाट्या यायच्या, गौरी-गणपती जायचे, नारळी पौर्णिमेची मिरवणूक जायची. आणि माणसंही शेवटची याच वाटेनं जायची, कारण आमचं स्मशान सुरूच्या बनाच्या कडेला आहे.

ती वाट बंद झाली, पण एका दिवसात नाही. एका दिवसात झाली असती तर गाव उठलं असतं. आधी एका बाजूची वाडी विकली गेली आणि वईच्या जागी चिऱ्याची भिंत आली. भिंत वईपेक्षा हातभर पुढे होती, पण हातभर जागेसाठी भांडण कोण काढणार? काही वर्षांनी दुसऱ्या बाजूलाही तसंच झालं आणि दोन्ही वाड्या एकाच मालकाकडे गेल्या. मग वाटेच्या तोंडाला लोखंडी गेट बसलं. रात्री कुत्री-गुरं आत येतात म्हणून, दिवसा उघडंच राहील, असं सांगितलं गेलं. काही दिवस खरोखरच उघडं राहिलं. मग कॅमेरा आला, वॉचमन आला, आणि गेट दिवसाही लागायला लागलं.

गेट बसलं ते पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात, पुळणीवर सुकत घालायला काही नसतं. त्या दिवसांत वाटेवर पाऊल कमीच पडतं. ऑगस्टमध्ये दर्या सुरू झाला तेव्हा बायका पाट्या घेऊन आल्या आणि गेटवरून परत फिरल्या. ‘बोलून बघू’, ‘सरपंचांना सांगू’, ‘मालक गणपतीत येतील तेव्हा भेटू’ असं करत दिवाळी आली. वहिवाटीच्या वाटेला कुणी आडकाठी केली तर दाद मागण्यासाठी १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. त्याखाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. त्यातही त्या कायद्यातली वाट म्हणजे मुख्यतः शेताकडे जाणारी. पुळणीकडे जाणारी वाट त्यात बसवायची तर वकील चांगला लागतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात पर्यावरणाचा दावा न्यायचा तरी मूळ मुदत सहा महिन्यांचीच, आणि त्यासाठी पुण्याला जावं लागतं. भल्या माणसांनी गोडीगुलाबीनं घालवलेले सहा महिने कायद्याच्या हिशेबात गप्प बसण्याचे ठरतात.

वाट बंद झाल्याचा अर्थ मला कळला तो एका मयताच्या दिवशी. कोळीवाड्यातले एक म्हातारे गेले होते. लांबून वळसा घालून जाणारा दुसरा रस्ता आहे, पण पावसानं तो चिखलानं भरला होता आणि खांदेकऱ्यांचे पाय रुतत होते. त्यामुळे तिरडी गेटसमोर आणली. वॉचमन म्हणजे कुणी परका माणूस नव्हे, आमच्याच आळीतला मुलगा. बारावी झाल्यावर कंपनीत काम मिळालं नाही म्हणून तिथे लागलेला. त्यानं मुंबईला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. पाऊस रिपरिपत होता, पुढे मडकं धरलेला मुलगा होता, मडक्यातल्या निखाऱ्यांवर कुणीतरी छत्री धरली होती. बायका मागे थांबल्या होत्या. त्यातल्या एकीनं पुढे होऊन म्हटलं, “अरे, तुझ्या आज्यालापन हितनंच नेलाय.” तो म्हणाला, “काकी, माहीत आहे मला. पण कॅमेऱ्यात दिसतं. माझी नोकरी जाईल.” शेवटी फोन लागला, गेट उघडलं, तिरडी आत गेली. पलीकडून सांगितलं गेलं होतं की, मोजकीच माणसं सोडा.

त्या मुलाला मी दोष देत नाही. मालकालाही कदाचित ठाऊक नसेल की फोनवर त्यानं नक्की कशाची परवानगी दिली. पण गावातल्या माणसाला सरणावर न्यायला दुसऱ्या शहरातल्या कुणाचा तरी होकार लागतो, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आणि ती कायद्यानं घडलेली नाही. कायदा तर सगळा आमच्या बाजूचा आहे.

नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं, की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवा. त्यातूनच पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारपट्टी नियमनाची अधिसूचना आली, जिला आपण सगळे सीआरझेड म्हणतो. ती २०११ मध्ये बदलली, २०१९ मध्ये पुन्हा बदलली. तिच्यात समुद्रकाठच्या हॉटेलांसाठी स्पष्ट अट आहे की लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून दोन हॉटेलांच्या मध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडायची, आणि कुंपण घालायचं तर लोकांच्या ये-जा करण्याला कुठेही अडथळा होता कामा नये. पण ही अट हॉटेल आणि रिसॉर्टांची. आमच्याकडे आहेत ते बंगले. त्याआधीचा, १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम बघा. त्याच्या कलम २० प्रमाणे भरतीरेषेखालची समुद्राची जमीन सरकारची आहे. म्हणजे ‘हा आमचा प्रायव्हेट बीच आहे’ असं पुळणीवर उभं राहून कुणी सांगत असेल, तर ते साफ खोटं आहे. आणि सरकारची आहे म्हणजे तरी काय? हिमाचलमधल्या एका मोटेलच्या प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा, जंगल या गोष्टींचं सरकार विश्वस्त आहे. आपण सगळे लाभधारक.

एवढं असूनही वाट सापडत नाही, कारण ती नकाशावर नाही. किनारा व्यवस्थापनाचे नकाशे १:२५,००० या प्रमाणात काढलेले असतात. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. सीआरझेडची सगळी ५०० मीटरची पट्टी दोन सेंटिमीटरमध्ये संपते. आमची अडीच मीटरची वाट त्यावर काढायची म्हटली तर ती एका मिलिमीटरचा दहावा भाग भरेल. पेन्सिलीचं टोक त्याहून जाड असतं. जिच्यावरून एका गावाचं जगणं आणि मरणं दोन्ही गेलं, ती गोष्ट त्या कागदावर उमटूच शकत नाही. जुन्या गावनकाशावर मात्र ती आहे. भूमी अभिलेखच्या नकाशांवर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो. आमच्या आळीतल्या एका काकांनी जपून ठेवलेली प्रत मी पाहिली. घड्यांवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. दोन वाड्यांच्या गटांमधून ती तुटक रेषा सरळ समुद्राला जाते. त्यावर बोट ठेवून काका म्हणाले, “ही बघ, हिला अजून कुणी गेट लावलं नाही.”

‘पण जमिनी विकल्या कुणी? तुम्हीच ना?’ हे मला मुंबईतल्या मित्रमंडळींकडून कायम ऐकावं लागतं. त्याचं नीट उत्तर द्यायला हवं. होय, वाड्या विकल्या गेल्या. कुणी मुलीच्या लग्नासाठी, कुणी आजारपणासाठी, कुणी भाऊबंदकीला कंटाळून, आणि कुणी निव्वळ चांगला भाव आला म्हणून. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाली, गाडीसकट तासाभरात माणूस उतरायला लागला, तेव्हापासून भाव कुठल्या कुठे गेले. विकणारानं विकलं, घेणारानं घेतलं, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण विकली ती वाडी. वाट कुणाच्या सातबारावर नव्हती, ती विकायचा अधिकार कुणालाच नव्हता. आणि जी माणसं त्या वाटेनं सगळ्यात जास्त जायची, त्या कोळीवाड्यातल्या बायकांच्या नावावर विकण्यासारखी गुंठाभर वाडीही कधी नव्हती. कित्येकींच्या राहत्या घराचासुद्धा धड कागद नाही. ज्यांनी काही विकलंच नाही, त्यांचं सगळ्यात जास्त गेलं.

कायद्याचा हात किती वेगानं पोचतो, हे मी त्याच पुळणीवर पाहिलं. सुरूच्या कडेला एक मावशी शहाळी, भजी आणि कोकम सरबत विकायच्या. बांबू, झावळ्या, वर निळी ताडपत्री, एवढाच त्यांचा गाडा. सरकारी जागेवर होता, परवानगी नव्हती. अतिक्रमण म्हणायचं तर अतिक्रमणच. आदल्या संध्याकाळी बांबूला नोटीस चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला, सोबत पोलीस. कुणी दमदाटी केली नाही हे सांगायला हवं. एका महिला पोलिसानं तर मावशींच्या काचेच्या बरण्या स्वतः उचलून बाजूला ठेवल्या. “मावशी, आमच्या हातात काही नाही, वरून ऑर्डर आहे.” दहा-पंधरा मिनिटांत सगळं आडवं झालं. ताडपत्री बकेटच्या दातात अडकून फाटली, तेव्हा एकच आवाज मावशींच्या तोंडून निघाला. तिथून नजर टाकली की दिसते अशा अंतरावर एक संरक्षक भिंत आहे, थेट वाळूत उतरलेली. मर्यादवेल जिथे पसरायची तिथे आता तिचा पाया आहे. तिलाही नोटीस आहे, आणि ती मावशींच्या नोटिसीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. मावशींनी विचारलं, मग ती का नाही पाडत? कुणीतरी सांगितलं, त्यांच्याकडे स्टे आहे. त्या म्हणाल्या, “आमालापन आणता येतो का तो स्टे? कुटं भेटतो?”

मला त्यांना उत्तर देता आलं नाही. स्टे मिळतो तो कोर्टातून, वकील लावून, आणि त्यासाठी नोटीस आणि जेसीबी यांच्यामध्ये एका रात्रीपेक्षा जास्त वेळ लागतो. कायदा दोघांनाही एकच लावला असं कागदावर म्हणता येईल. नोटीस दोघांना मिळाली. फरक पडला तो नोटिशीनंतर मिळालेल्या वेळात, आणि तो वेळ विकत घ्यावा लागतो.

किहीमचा नीरव मोदीचा बंगला पाडला तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी तो स्फोट दाखवला. ८ मार्च २०१९. तीस हजार चौरस फुटांहून मोठं बांधकाम, खांबांना भोकं पाडून त्यात सुरुंग भरावे लागले होते. आमच्या गावातही टाळ्या वाजल्या. मला मात्र तारखा जास्त बोलक्या वाटतात. अलिबाग-मुरूडकडच्या बेकायदा बंगल्यांविरुद्धची जनहित याचिका २००९ पासून मुंबई उच्च न्यायालयात होती. बंगला पडायला दहा वर्षं लागली, आणि पडला तो मालक बँक घोटाळ्यात परागंदा झाल्यावर, त्याच्या बाजूनं फोन करणारं कुणी उरलं नाही तेव्हा. त्याच्या आधी ती भरतीरेषा तिथे नव्हती का?

न्यायालयात जिंकूनही पुरत नाही, हे गोव्यानं दाखवलंय. दोनापावलाजवळ वायंगिणीचा किनारा आहे. तिथल्या पंचतारांकित हॉटेलानं लोकांचा किनाऱ्यावर जायचा रस्ता अडवला म्हणून गावकरी वर्षानुवर्षं लढले. जमीन देतानाच रस्ता मोकळा ठेवायची अट होती. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावकऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला, रस्ता मोकळा करा, आड येणारं बांधकाम पाडा. आणि त्याच वर्षी राज्य सरकारनं अध्यादेश काढून भूसंपादन कायद्यात मागच्या तारखेपासून लागू होणारी दुरुस्ती केली, हॉटेलाचं बांधकाम वाचावं म्हणून. मावशींच्या ताडपत्रीसाठी कुठल्या सरकारनं अध्यादेश काढला असता?

३१ डिसेंबरची रात्र आमच्याकडे नाकाबंदीची असते. पनवेल-पेणकडून बाईकवर आलेली पोरं थांबवतात, डिकी बघतात, पुळणीवर बसलेल्यांना उठवतात. दारू पिऊन पाण्यात उतरणारी पोरं बुडतात, त्यांची प्रेतं आमच्याच कोळ्यांना शोधावी लागतात, त्यामुळे या बंदोबस्ताला माझा विरोध नाही. पण भिंतींच्या आत पहाटेपर्यंत डीजे चालू असतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायचा नाही हा नियम २००० सालापासूनचा आहे आणि तो भिंतीच्या आतही लागू आहे. तिकडे पोलिसांची गाडी गेली तर गेटवरच थांबते. वॉचमन आत फोन लावतो. मयताच्या दिवशी आम्ही थांबलो होतो तसेच पोलीसही थांबतात, फक्त त्यांच्या खांद्यावर काही नसतं.

आता तर दंडाचा हिशेबही बदललाय. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्यात उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. ती प्रत्यक्षात कितीशी वापरली गेली ते सोडा, पण निदान होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ती काढून टाकली, आता दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड. किनाऱ्यावरच्या बंगल्याच्या फरशांचा खर्च पंधरा लाखांहून जास्त होतो. मावशींना दहा हजारांचा दंड झाला तर त्यांना वर्षभर सावकाराच्या दारात उभं राहावं लागेल.

यावर आमच्यातलेच काही जण म्हणतात, मग सीआरझेडच सैल करा, आपल्यालाही बांधता येईल. मला ते पटत नाही. आमच्या गावातही होम-स्टेच्या नावाखाली वाळूत कॉलम उभे केलेले लोक आहेत, माझ्या नात्यातले आहेत, आणि तेही चूकच आहे. २०१९ च्या अधिसूचनेनं स्थानिकांना राहत्या घराचा जोत्याचा आकार न बदलता होम-स्टे चालवायची मुभा दिली आहे, तेवढी पुरे आहे. शिवाय नियम सैल होतात तेव्हा ते ज्याच्याकडे पैसा तयार आहे त्याच्यासाठी आधी सैल होतात. दाट वस्तीच्या गावांमध्ये बांधकामबंदीची पट्टी २०० मीटरवरून ५० मीटरवर आली, तेव्हा मोकळ्या झालेल्या दीडशे मीटरमध्ये घर बांधायला कोळीवाड्यातल्या किती जणांकडे पैसे होते? मला कायदा आहे तसाच हवा आहे. फक्त तो भिंतीपर्यंत पोचायला हवा, आणि झावळ्यांच्या छपरापर्यंत ज्या चालीनं पोचतो त्याच चालीनं.

आणि सगळे मालक सारखे नसतात, हेही लिहिलं पाहिजे. पलीकडच्या आळीत एका निवृत्त जोडप्यानं वाडी घेतली, तेव्हा जुन्या माणसांना विचारून वाट कुठून होती ते समजून घेतलं आणि भिंत तेवढी आत घेतली. वाटेच्या बाजूला बाहेरून नळ काढून दिला. तिथून बायका आजही पाट्या घेऊन जातात, पाय धुतात, थोडं बोलून पुढे जातात. त्या जोडप्याला त्याचा काही त्रास झालेला नाही. म्हणजे अशक्य काही मागितलं जात नाहीये. कुणाचा बंगला नको आहे, बाग नको आहे. अडीच मीटर हवेत, तेही आमचेच.

आमच्या वाटेचं काम आता असं चाललंय. ग्रामपंचायतीत रस्त्यांची नोंदवही असते, नमुना २३. जो रस्ता तेवीस नंबरला लागला, तो गावाचा रस्ता म्हणून पंचायतीच्या कागदावर येतो. आमची वाट तिथे कधी लावलीच नव्हती, कारण रोजच्या वाटेची नोंद करायची असते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ग्रामसभेत ठराव मांडला, गावनकाशाची साक्षांकित प्रत जोडली, कोळीवाड्यातल्या बायकांनी वहिवाटीची लेखी निवेदनं दिली, त्यावर बहुतेकींचे अंगठे. माहितीच्या अधिकारात मी बांधकाम परवानगीची कागदपत्रं मागितली, ती अभिलेखात आढळून येत नाहीत असं उत्तर मिळालं, त्यावर अपील केलंय. जिल्ह्याच्या किनारा समितीवर पारंपरिक मच्छीमारांचे प्रतिनिधी घ्यावे लागतात, त्यांच्याकडेही अर्ज गेलाय. तुमच्या गावची पुळणीकडची वाट अजून उघडी असेल, तर ती तेवीस नंबरला आहे का ते या आठवड्यात बघून या, गेट बसायची वाट बघू नका. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आमच्या बाजूला जागा घेत असेल, तर एजंटाकडे गावनकाशा मागा आणि तुमच्या हद्दीतून ती दुहेरी तुटक रेषा जाते का ते तपासा.

ठराव मंजूर झाला. विरोधात तीन हात वर झाले, त्यातले दोन बंगल्यांवर माळीकाम करणाऱ्यांचे, आणि त्यांच्यावर गावात कुणीही रागावलेलं नाही. सरकारी मोजणीचे पैसे वर्गणी काढून भरले, त्यात मावशींचेही आहेत. मोजणीची तारीख अजून आलेली नाही. आली की प्रत्येक घरातून एक माणूस गेटपाशी हजर राहील, असं त्याच सभेत ठरलंय.